वीरपर्यंतचं तिकीट

आमच्या अण्णांना पैसा मिळवण्यापेक्षा पैसा वाचवण्याचा नाद मोठा. पोलादपूरला नाक्याजवळ, जिथून महाबळेश्वरचा रस्ता वर चढायला लागतो, तिथे आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो: अण्णा, आई, मी आणि धाकटा भाऊ नंदू. घाट उतरून आलेल्या ट्रकांच्या ब्रेकचा करपट वास आणि भांड्यांवर नाव घालायच्या यंत्राची किरकिर, यांतच माझं बालपण गेलं. नाव घालायचे पैसे अक्षरावर असत. लग्नाच्या दिवसांत कोणी आहेराची कळशी घेऊन यायचा आणि नवऱ्या मुलीपासून मामा-मावशीपर्यंत सगळ्यांची नावं सांगायला लागायचा, की अण्णा त्याला मध्येच अडवायचे. "एवढं कशाला? आद्याक्षरं घाला. ओळखणारा ओळखतो." गिऱ्हाईक खूश होऊन जाई आणि आई आतल्या खोलीत कपाळाला हात लावी, कारण वाचलेले ते पैसे आमचेच असायचे. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. पैसा कोणाचाही असो, तो वाचला की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं.

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. घरात खायला कमी नसे. तांदळाची भाकरी, कडव्या वालांचं बिरडं, थंडीत कुळथाची पिठी, आणि आठवड्यातून एकदा सुकट; आईच्या हातची सुकट भाजायला लागली की शेजारचा टपालवाला काहीतरी निमित्त काढून यायचा आणि अण्णा त्याला बसवून घ्यायचे. त्यांना चीड होती ती वाया जाण्याची. ते हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. दुधाचं पातेलं उतू गेलं, छत्री एसटीत विसरली, की ते फक्त विचारत, "किती गेले?" आणि मग दोन दिवस जेवताना कोणाकडे बघत नसत. त्या दोन दिवसांत आम्ही पावलं न वाजवता चालायचो. दुसऱ्यांच्या घरी बाप मारतो तेव्हा निदान मारून मोकळा तरी होतो, असं मला कधी कधी वाटायचं.

रेल्वे आमच्या भागात नवी होती तेव्हाची ही गोष्ट. वीरचं स्टेशन आम्हाला जवळ पडायचं; जवळ म्हणजे आधी एसटीने महाड आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. अण्णांनी रेल्वेचे सगळे नियम गोळा केले. पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं. मला बारावं सरलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं असणार, पण वय चोरायचं मात्र त्यांनी कधी सुचवलं नाही. "खोटं बोलून वाचवलेला पैसा टिकत नाय," असं त्यांचं ठाम मत होतं. मग त्यांना मासिक पासाचा शोध लागला. थोड्याशा पैशांत महिनाभर कितीही फेऱ्या! त्यांनी वीर ते रोहा असा पास काढला. रोह्याला आमचं कोणीच नव्हतं. पण पास काढलाय म्हटल्यावर वसूल नको करायला? दुकान आईच्या गळ्यात टाकून ते रोज रोह्याला जात, फलाटावरच्या नळाचं पाणी पीत आणि परत येत. पोलादपूरहून वीरला जायचं भाडं त्यांच्या हिशोबात कधी आलं नाही, आणि ते काढून दाखवायची आईची छाती नव्हती. महिना संपला तेव्हा ते असे तृप्त दिसत होते, जसे काही काशीला जाऊन आले.

त्या महिन्यात त्यांनी एक मात्र पक्कं करून ठेवलं: पॅसेंजर कोणत्या स्टेशनात कोणत्या बाजूच्या फलाटाला लागते. त्याचा उपयोग पुढच्या मे महिन्यात करायचं ठरलं. कुडाळच्या पुढे आमचं कुलदैवत. आईने ओटीचा नवस बोललेला होता. आईला एसटी लागायची. महाडला जाऊन यायचं म्हटलं तरी तिच्या हातात लिंबू आणि पिशवी असे. तेव्हा जायचं रेल्वेने, आणि आईला खिडकी हवीच. रिझर्व्हेशनच्या गाड्या महाग, आणि एवढे पैसे देऊनही खिडकी नशिबात असेल तर. "खिडकी पैशानं मिळत नाय, अकलेनं मिळते," अण्णा म्हणाले. जाताना दऱ्या, पूल, बोगदे सगळं दिसलं पाहिजे, आणि तेही पॅसेंजरच्या तिकिटात.

त्यांची अक्कल अशी. आमच्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा तुमची. त्या रुमालाचा मान सगळे ठेवतात. रेल्वे वीरला येईपर्यंत भरलेली असते, म्हणून रुमाल टाकायचा तर वीरच्या आधी टाकायला हवा. म्हणजे एका माणसाने उलटं माणगावला जायचं, तिथे गाडीत शिरून समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि त्यांच्या शेजारच्या दोन जागा धरायच्या, आणि वीरला बाकीच्यांनी आरामात चढून बसायचं. जागा धरणाऱ्याचं तिकीट माणगाव ते वीर. पुढचं सगळ्यांचं एकत्र तिकीट वीरला अण्णा काढणार. कोणत्या डब्यात जागा मिळाली हे कळावं म्हणून खिडकीच्या गजाला आईच्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा बांधायचा. "डोंगराच्या बाजूच्या खिडक्या धर," अण्णांनी मला बजावलं. "वीरला फलाट त्याच बाजूला असतो. मी महिनाभर बघितलाय."

जागा धरणारा माणूस म्हणजे मी. मला तेरावं चालू होतं. एकटीने मी तोवर पीठ दळायलासुद्धा गेले नव्हते.

आदल्या दिवशी मला महाडला अनंतकाकांकडे पोचवलं. अनंतकाका अण्णांचे धाकटे भाऊ, एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत कामाला. त्यांच्या खोलीत दारामागे टांगलेल्या शर्टाला आंबूस, झोंबरा वास यायचा आणि तो काकूच्या फोडणीलाही हटत नसे. काकूने त्या संध्याकाळी माझ्यासाठी मुद्दाम घावणे केले, पण मी एकच उष्टा करून ठेवला. मी काकांना एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होते: वीरला अण्णा आलेच नाहीत तर? गाडी थांबलीच नाही तर? काका हसून म्हणाले, "अगो, अण्णा पैशे देऊन काढलेलं तिकीट वाया घालवील काय? तो नाय आला तर मी मिशी काढीन." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. काकांनी मिशी काढलेली मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

सकाळी आम्ही महाडच्या डेपोतून एसटीने माणगावला गेलो. काकांना दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे मला गाडीत बसवून ते परत फिरणार होते. फलाटावर माणसांची भिंत उभी होती. लग्नसराई, सुट्टी, मुंबईहून गावी निघालेली घरंच्या घरं. गाडी आली आणि दारांना लोक मुंग्यांसारखे चिकटले. काकांनी दाराचा नादच केला नाही. एक गज नसलेली खिडकी असते, संकटाच्या वेळी बाहेर पडायची. तिच्यातून त्यांनी मला पोत्यासारखं आत ढकललं. माझ्यामागून पिशवी आली, चादर आली. पलीकडच्या बाजूला दोन खिडक्या खरंच रिकाम्या होत्या. मी एका खिडकीत बसले, समोरच्या बाकावर चादर पसरली, शेजारी पिशवी ठेवली आणि हिरवं फडकं गजाला बांधायला लागले. "उठू नको गो!" काका बाहेरून ओरडत होते. "कोण काय पण बोलला तरी जागा सोडायची नाय! मानसं मागं गेलीत म्हनून सांग!" गाडी हलली आणि काका मागे राहिले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

परवा माझ्या लेकीने आमच्यासाठी काचेच्या छपराच्या डब्याची तिकिटं काढली. मोबाइलवर, सोफ्यावर पाय पसरून. ज्येष्ठांची सवलत बंद झाली म्हणून आजोबा असते तर उपोषणाला बसले असते, असंही म्हणाली. जागेवर आकडा छापलेला, खुर्ची फिरणारी, डोक्यावर आभाळ. शेजारचे प्रवासी दरीचे फोटो काढत होते. मी मात्र पूर्ण वेळ माझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसले होते. लेक चहा आणायला गेली होती. तिची जागा तिच्या नावाने होती, कोणी घेणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी ती येईपर्यंत मी हात उचलला नाही.

तर त्या दिवशी माणगावच्या पुढच्या गोरेगावला एक सुकटवाली चढली. रुंद अंगाची, कासोट्याचं लुगडं, डोक्यावर पाटी. पाटी तिने माझ्या पायांपाशी टेकवली आणि चादरीकडे बोट केलं.

"काय गो पोरी, हितं कोन बसतंय?"

"माणसं हायत. मागं गेलीत."

"मागं कुठं? गाडीच्या मागं?"

आजूबाजूचे हसले. मला रडू फुटेल असं वाटलं, पण मी चादरीचं टोक मुठीत धरून ठेवलं. "वीरला येतील," मी म्हटलं. ती मावशी पाटीच्या कडेला खालीच बसली, आणि बाकीचे उभे होते ते मधून मधून त्या रिकाम्या बाकाकडे अशा नजरेने बघत होते, की मी त्यांचं काहीतरी घेऊन पळाले आहे.

वीर आलं. मी बाहेर पाहिलं तर फलाट नव्हता. खिडकीबाहेर नुसते रूळ आणि खडी. त्या दिवशी समोरून दुसरी गाडी यायची होती म्हणून आमची पलीकडच्या फलाटाला लावली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच समजलं की माझं हिरवं फडकं डोंगराला दिसतंय आणि अण्णांना दिसत नाही. फलाटाच्या बाजूला माणसांच्या पाठीच पाठी. मी गजाचं फडकं सोडलं, ते उंच धरून दाखवावं म्हणून. तेवढ्यात ती समोरची गाडी एकदम खिडकीला खेटून धाडधाड करत गेली. माझ्या किंचाळण्याचा आवाज मलाच आला नाही. वाऱ्याच्या त्या हिसक्याने फडकं माझ्या हातातून सुटलं आणि बाहेर गेलं. मी "अण्णा! अण्णा!" म्हणून ओरडले. उठून दाराकडे धावावं असं शरीराचा कणन्‌कण सांगत होता. पण मी उठले असते तर चारही जागा गेल्या असत्या. मी बसल्या जागेवरून ओरडत राहिले आणि गाडी सुटली.

त्यानंतरचं भय कसं सांगू? ते रडण्याचं नव्हतं. आतून सगळं गार होऊन जातं तसलं होतं. अण्णा वीरला राहिले. आई, नंदू, तिकीट, सगळं वीरला राहिलं. माझ्या फ्रॉकच्या खिशात होतं ते तिकीट संपलं होतं, आणि मी कुडाळकडे चालले होते, जिथे मी आयुष्यात गेले नव्हते. डब्यातून डब्यात जायला वाट नव्हती. सापे वामने आलं, गेलं. खिडकीतून ओळखीचे डोंगर दिसत होते, पोलादपूरच्या बाजूचे, आणि ते हळूहळू मागे सरकत होते. मला वाटलं, आता एखादा डोंगर गेला की मग माझ्या ओळखीचं काहीच उरणार नाही. लोक मला विचारायला लागले की तुझी माणसं आली नाहीत का. "पुढच्या डब्यात हायत," मी म्हटलं. खोटंच होतं. निदान मला तसंच वाटत होतं.

करंजाडी सोडल्यावर मला गर्दीतून काळा कोट येताना दिसला. आता पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला कळलं. टीसी! तो माणसांना बाजूला करत, घाम पुसत, नेमका माझ्याकडेच येत होता. येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, चादरीकडे बघितलं आणि तोंड उघडणार एवढ्यात मीच ओरडले, "माझ्याकडं वीरपर्यंतचंच तिकीट हाय! पुढचं अण्णांकडं हाय! अण्णा चढलेच नायत!"

तो बिचारा गांगरला. "मग मी काय करू, बाळ?" तो म्हणाला. "मी लग्नाला चाललोय. जरा टेकू का म्हणून विचारणार होतो." तेव्हा मला त्याच्या कोटाच्या खिशातलं गुलाबाचं फूल दिसलं. मे महिन्याच्या उकाड्यात काळा कोट घालणारा टीसीशिवाय दुसरा कोण असणार, असं मला वाटलं होतं. खेडला त्याच्या भाचीचं लग्न होतं.

डबा हसला, पण सुकटवाली हसली नाही. ती पाटीशेजारून उठली. "म्हंजे तू येकटीच हायस? आन मघाधरनं मानसं मागं, मानसं फुडं करतेस?" मी मान खाली घातली. "कुठली गो तू?" पोलादपूर म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला, वर बघितलं आणि हात उंच केला. आमच्या बाकाच्या वरच्या बाजूला ती लाल साखळी होती. मी माणगावपासून तिच्याखाली बसले होते आणि वीर सुटल्यापासून तिच्याखालची सूचनेची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. योग्य कारणाशिवाय साखळी ओढल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैद. एक हजार रुपये! आमच्या दुकानात एक हजारांची भांडी विकली जायची ती लग्नसराईत. मी मावशीच्या हाताला लोंबकळले.

"नको! नको ओढू, मावशी! अण्णांना दंड पडंल!"

"अगो, पन तुझा बापूस मागं राहिला ना?"

"पाया पडते. नको ओढू."

मी खरंच तिच्या पायांशी वाकले, पण दुसऱ्या हाताने चादर धरूनच. काळ्या कोटवाल्यानेही मान डोलावली. "दंड मोठा आहे हो," तो म्हणाला, "आणि मग साक्षी-पुरावे. खेडला स्टेशनमास्तरांना सांगू, ते पोचवतील हिला." मावशीने हात खाली घेतला, पण ती परत खाली बसली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली.

विन्हेरे आलं. फलाट पुन्हा पलीकडेच. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचा कालवा चालू असताना मला माझं नाव ऐकू आलं. "वैशू! ए वैशू!" लांबून, मागच्या की पुढच्या बाजूने, कळेना. आवाज अण्णांचा होता. मी ताडकन उठले. उठले तसे दोन धटिंगण पुढे झाले, एक माझ्या खिडकीपाशी आणि एक पिशवी उचलायला. मी पुन्हा धपकन बसले. अण्णा वीरला आहेत, इथे कसे असतील, मी मनाला सांगितलं. मग पुन्हा एकदा हाक आली, तिच्यात घोगरेपणा होता, अण्णा असं कधी बोलत नसत. मी हूं की चूं केलं नाही. माझ्या दोन्ही हातांखाली जागा होत्या. गाडी सुटली.

आणि मग बोगदा. या वाटेवरचे छोटे बोगदे तोवर येऊन गेले होते, पण विन्हेऱ्याच्या पुढचा हा संपतच नाही. डब्यातले दिवे लागले नाहीत. खिडकीतून डिझेलचा धूर आणि ओल्या दगडाचा थंड वास आत आला, आवाज इतका वाढला की कानांत दडे बसले, आणि मला पक्कं वाटलं की गाडी जमिनीच्या पोटात चाललीय आणि बाहेर येणार नाही. मी मोठ्याने रडत होते. कोणाला ऐकू येत नव्हतं म्हणून अगदी मोकळ्याने. कोणीतरी माझं डोकं धरून आपल्या पोटाशी दाबलं. सुकटीचा वास आला तेव्हा कोण ते कळलं. ती काहीतरी बोलत होती, तिच्या पोटातून माझ्या कानाला ते नुसतं घुमल्यासारखं लागत होतं. उजेड आला तेव्हा माझी एक मूठ तिच्या पदरात होती आणि दुसरी चादरीतच होती.

खेडला गाडी बराच वेळ थांबणार होती. मावशी म्हणाली, "चल, मास्तराकडं जाऊ." मी उठेना. ती ओढत होती आणि मी बाकाला धरून बसले होते. तेवढ्यात दाराशी गलका झाला. "सरा, सरा हो, पोर हाय माझी!" आणि माणसं दुभंगून अण्णा आत आले. शर्टाची वरची बटणं तुटलेली, कपाळावर खोक, एका पायात चप्पल नाही. ते वीरला चढले होते. फडकं दिसलं नाही म्हणून शेवटच्या क्षणी मिळेल त्या डब्यात आई आणि नंदूला घेऊन चढले होते, आणि तिथपासून प्रत्येक स्टेशनात खाली उतरून एकेका डब्यापाशी हाका मारत पळत होते. गाडी सुटली की हाताला लागेल त्या दाराला लटकत होते. बोगद्यातून ते दारातच लटकून आले होते. त्यांच्यामागे नंदूला काखोटीला मारून आई होती. तिच्या तोंडाला फटफटीत पांढरा रंग आला होता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग पसरलेल्या चादरीकडे, पिशवीकडे, दोन्ही खिडक्यांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. शेवटी आला तो असा:

"चारी धरल्यास?"

त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, हे आज मला कळतं. माणूस फार भ्याला की तोंडात रोजचीच वाक्यं येतात. पण तेव्हा मी खुशीने मान हलवली. जिवात जीव आला होता. मी सगळं नीट केलं होतं.

"धरल्यान," सुकटवाली म्हणाली. "चांगल्या धरल्यान. मी साखली ओढीत व्हती दादानू, तर माझ्या हाताला लोंबकाळली. म्हनं, बापाला दंड पडंल. वीरपासनं रडते, पन बूड हलवलान नाय."

आईने नंदूला खाली उतरवलं. आमची आई म्हणजे अण्णांसमोर "भात वाढू का" यापलीकडे फारसं न बोलणारी बाई. तिने साखळीखालच्या पाटीकडे बोट केलं.

"काय लिवलंय तिथं?"

अण्णांनी मान वर केली.

"मला चश्म्याबिगर दिसत नाय. वाचा. मोठ्यानं वाचा."

लोक ऐकत होते. काळा कोटवाला उतरायचं सोडून ऐकत होता. अण्णा, ज्यांना रेल्वेचा नियमन्‌नियम पाठ होता, ते वर बघून शाळेतल्या पोरासारखे वाचायला लागले, "योग्य कारणाशिवाय साखळी ओढल्यास..." आणि तिथेच अडले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले. पुढे आकडा होता. तो आकडा त्यांच्या तोंडातून निघेना.

"पोर गाडीत एकटी राहिली, त्याला भ्यायली नाय ती," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमाला भ्यायली."

अण्णा माझ्यासमोर वाकले. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. खोकेतलं रक्त भुवईपर्यंत आलं होतं. "खरं काय गो, वैशू?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

गाडीने शिट्टी दिली. अण्णा सरळ उभे राहिले आणि त्यांनी तोंड दाराकडे वळवलं. आई बसली, नंदू बसला. चौथ्या जागेवर अण्णांनी यावं म्हणून मी चादर हाताने सारखी केली आणि तिच्यावर हात ठेवून वाट बघत राहिले. मावशी खेडलाच उतरून गेली होती, लोक त्या जागेकडे बघत होते. चिपळूण आलं, गेलं, तरी ते पाठ फिरवून उभेच होते, आणि मी ती जागा कोणाला घेऊ दिली नाही.